विश्व पसरतंय हे कळलं कसं?

मागच्या अंकात देवयानी दीर्घिका आकाशात कशी शोधायची ते लिहिलं होतं. शेवटच्या दोन ओळी विश्वाच्या प्रसरणावर होत्या आणि पत्रं आली ती बहुतेक त्या दोन ओळींवर. मी महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवत होतो तेव्हाही असंच व्हायचं. तास उष्णतेचा असो की चुंबकत्वाचा, मागच्या बाकावरून महास्फोटाचा प्रश्न यायचाच. या वेळी सगळी जागा त्याच प्रश्नांना दिली आहे. एकदोन उत्तरं लांबली आहेत. ती कापली नाहीत, कारण या विषयातले निष्कर्ष पुष्कळांना पाठ असतात, ते कुठून आले हे मात्र फारसं कुणी सांगत नाही.

प्रश्न : सर, महास्फोट नेमका कुठे झाला? ती जागा मोठ्या दुर्बिणीतून दिसू शकते का? (अकरावी शास्त्र, बारामती)

उत्तर : तू बसला आहेस तिथेही झाला, देवयानी दीर्घिका आहे तिथेही झाला. पुस्तकांत काळ्या पार्श्वभूमीवर एक धगधगता गोळा फुटताना दाखवतात, ते चित्र मनातून काढून टाक. त्या चित्रात गोळ्याच्या बाहेर रिकामी काळी जागा आहे. खऱ्या विश्वाला अशी बाहेरची जागा नव्हती. जी काही जागा होती ती सगळीच अतिशय दाट आणि तापलेल्या द्रव्याने भरलेली होती, आणि तेव्हापासून ती जागाच पसरत आली आहे.

घरी एक प्रयोग कर. शिवणाच्या डब्यातून हातभर इलॅस्टिक घे आणि त्यावर पेनाने दर सेंटिमीटरला एक खूण कर. मग दोन्ही टोकं धरून ते दुप्पट लांब होईल इतकं ताण. कुठलीही एक खूण 'आपली' मान. शेजारची खूण १ सेंटिमीटरवर होती ती २ वर गेली, म्हणजे १ सेंटिमीटर सरकली. पाचवी खूण ५ वरून १० वर गेली, म्हणजे तेवढ्याच वेळात ५ सेंटिमीटर सरकली. जी खूण जितकी लांब, तितकी ती जास्त वेगाने दूर जाताना दिसते. आता 'आपली' खूण बदल आणि पुन्हा मोज. तेच उत्तर येईल. प्रत्येक खुणेला वाटतं की मधोमध मीच आहे, आणि खरं तर मध्य कुणीच नाही. इलॅस्टिकला दोन टोकं असतात, विश्वाला तशी टोकं कुणाला सापडलेली नाहीत, एवढाच काय तो फरक.

दुर्बिणीतून जागा दिसत नाही, काळ दिसतो. प्रकाशाला यायला वेळ लागतो, म्हणून जितकं लांब पाहू तितकं जुनं दिसतं. सगळ्यात जुना प्रकाश महास्फोटानंतर सुमारे ३ लाख ८० हजार वर्षांनी निघालेला आहे आणि तो आकाशाच्या प्रत्येक दिशेकडून सारखाच येतो. स्फोट एखाद्या ठिकाणी झाला असता तर तो एकाच बाजूने आला असता.

प्रश्न : दीर्घिका लाखो प्रकाशवर्षं दूर असतात म्हणता. इतक्या अंतराला पट्टी कुठली लावली? आणि त्या दूर जातायत हे कुणी पाहिलं? (निवृत्त बँक कर्मचारी, रत्नागिरी)

उत्तर : आलेल्या पत्रांत मला तुमचा प्रश्न सगळ्यात मोलाचा वाटला. विश्वाच्या प्रसरणाचा सगळा इतिहास हा पट्टीचा इतिहास आहे. दोन आकडे लागतात, एक वेग आणि दुसरा अंतर. वेग त्या मानाने लवकर हाती आला. अंतराने सगळ्यांना छळलं, आणि अजूनही छळतं आहे.

आधी वेग. आमच्या प्रयोगशाळेत सोडियमचा दिवा लावून मुलं वर्णपटमापीतून पाहायची तेव्हा पिवळ्या रंगात अगदी लागून असलेल्या दोन रेघा दिसायच्या, ५८९.० आणि ५८९.६ नॅनोमीटरवर. सोडियम जगात कुठेही असो, रेघा त्याच. प्रत्येक मूलद्रव्याच्या रेघा अशा ठरलेल्या जागी असतात. दीर्घिकांच्या वर्णपटात कॅल्शियमच्या दोन काळ्या रेघा ठळक दिसतात, ३९३ आणि ३९७ नॅनोमीटरच्या आसपास. त्या जागेवरून तांबड्या बाजूला सरकलेल्या असतील तर दीर्घिका आपल्यापासून दूर जाते आहे, निळ्या बाजूला असतील तर जवळ येते आहे. किती सरकल्या यावरून वेग निघतो. तांबड्याकडे सरकण्याला आपण ताम्रसृती म्हणतो.

हे काम पहिल्यांदा केलं व्हेस्टो स्लायफर यांनी. अमेरिकेत ॲरिझोना राज्यात फ्लॅगस्टाफ गावी लॉवेल वेधशाळा आहे. तिथल्या २४ इंची दुर्बिणीने त्यांनी १९१२ च्या अखेरीस देवयानीचा वर्णपट टिपला. प्रकाश इतका मंद की एकेका प्लेटवर तो तासन्‌तास, कधी लागोपाठच्या अनेक रात्री साठवावा लागे. देवयानी सेकंदाला सुमारे ३०० किलोमीटर वेगाने आपल्याकडे येत होती. तोवर कुठल्याही ताऱ्याचा इतका वेग कुणी मोजला नव्हता. स्लायफर पुढच्या सर्पिल तेजोमेघाकडे वळले (देवयानीसारख्या दीर्घिकांना तेव्हा हेच नाव होतं), मग त्याच्या पुढच्या. १९१७ पर्यंत त्यांच्याकडे २५ वेग जमले होते, आणि त्यांतले २१ दूर जाणाऱ्यांचे होते.

पण हे तेजोमेघ म्हणजे काय? आपल्याच आकाशगंगेतले वायूचे भोवरे, की आकाशगंगेबाहेरची स्वतंत्र ताऱ्यांची नगरं? एप्रिल १९२० मध्ये वॉशिंग्टनला हार्लो शॅप्ली आणि हेबर कर्टिस यांनी या प्रश्नावर समोरासमोर आपापली बाजू मांडली आणि निकाल लागला नाही. लागणार तरी कसा, अंतरच माहीत नव्हतं.

अंतराची किल्ली हार्वर्डमध्ये आधीच तयार झाली होती. तिथल्या वेधशाळेत काचेच्या फोटोप्लेट तपासायला आणि आकडेमोड करायला स्त्रिया नेमलेल्या असत. त्यांच्यात हेन्रिएटा लेव्हिट होत्या. त्यांना ऐकू कमी येई आणि पगार तासाला ३० सेंट होता. पेरू देशात अरेकिपा इथल्या वेधशाळेत घेतलेल्या मॅगेलन मेघांच्या प्लेट त्यांच्या टेबलावर येत. हे मेघ आकाशाच्या दक्षिण ध्रुवाजवळचे, महाराष्ट्रातून जवळपास दिसत नाहीत. त्या प्लेटांवर लेव्हिट यांनी १,७७७ रूपविकारी तारे शोधले, म्हणजे ज्यांचं तेज कमीजास्त होत राहतं असे. १९१२ मध्ये त्यांनी लहान मॅगेलन मेघातल्या २५ ताऱ्यांचा आलेख छापला. तेज वाढून उतरून पुन्हा वाढायला ज्या ताऱ्याला जास्त दिवस लागतात, तो तारा जास्त तेजस्वी, असा सरळ संबंध त्यात दिसत होता. हे सगळे तारे एकाच मेघातले, म्हणजे आपल्यापासून जवळपास सारख्याच अंतरावर. त्यामुळे एखादा तारा मुळात मंद आहे की लांब असल्यामुळे मंद दिसतो, हा घोळच उरला नाही.

अशा ताऱ्यांना सेफिड म्हणतात. जवळच्या काही सेफिडांचं अंतर वेगळ्या रीतीने काढलं की पट्टीवर आकडे पडले. मग कुठेही सेफिड दिसला की घड्याळ लावून त्याचा काळ मोजायचा, काळावरून खरं तेज काढायचं, आणि खऱ्या तेजाच्या मानाने तो किती मंद दिसतो यावरून अंतर. लेव्हिट डिसेंबर १९२१ मध्ये वारल्या. पुढे एका स्वीडिश गणितज्ञाने नोबेलसाठी त्यांचं नाव सुचवावं म्हणून पत्र लिहिलं, तेव्हा त्याला त्यांच्या मृत्यूची बातमीही नव्हती. विश्वाची लांबी-रुंदी मोजायची रीत ज्या बाईने दिली, तिचं नाव आपल्याकडे पदवीच्या वर्गातही कानावर पडत नाही. शिक्षकांनो, हबलचं नाव फळ्यावर लिहिण्याआधी लेव्हिट यांचं लिहा.

ती पट्टी एडविन हबल यांनी देवयानीला लावली. कॅलिफोर्नियातल्या माउंट विल्सनवर तेव्हाची जगातली सर्वांत मोठी, १०० इंची दुर्बीण होती. ऑक्टोबर १९२३ मधल्या एका प्लेटवर हबल यांना तीन नवे ठिपके दिसले. अचानक उजळणारे नवतारे असावेत असं समजून त्यांनी प्रत्येकाशेजारी शाईने एक खूण केली. जुन्या प्लेटांशी ताडून पाहिल्यावर कळलं की त्यांतला एक ठिपका उजळतो, मंदावतो, पुन्हा उजळतो. हबल यांनी त्याची खूण खोडून तिथे रूपविकारी ताऱ्याची खूण केली, पुढे उद्गारचिन्हासकट. ती प्लेट आजही जपून ठेवलेली आहे. त्या ताऱ्याचा काळ ३१ दिवसांचा होता, आणि त्यावरून देवयानीचं अंतर निघालं सुमारे ९ लाख प्रकाशवर्षं. आकाशगंगेच्या मोठ्यात मोठ्या अंदाजालाही ते कितीतरी मागे टाकत होतं. १ जानेवारी १९२५ ला वॉशिंग्टनमध्ये हा निबंध वाचला गेला आणि १९२० चा वाद मिटला.

१९२९ मध्ये हबल यांनी २४ दीर्घिकांची अंतरं आणि वेग एका आलेखावर मांडले. जितकी लांब तितकी वेगवान, वरच्या पहिल्या उत्तरातल्या इलॅस्टिकसारखं. त्या आलेखातले बहुतेक वेग स्लायफर यांचे होते आणि लेखात त्यांना त्याचं श्रेय दिलेलं नाही. मला ही गोष्ट आजही खटकते.

हबलचे सहकारी मिल्टन ह्युमेसन यांच्याबद्दल सांगायलाच हवं. ते माध्यमिक शाळेच्या पुढे शिकलेले नव्हते. वेधशाळेचं सामान डोंगरावर चढवणाऱ्या खेचरांचे तांडे हाकणं हे त्यांचं पहिलं काम. १९१७ मध्ये ते वेधशाळेतच साफसफाईच्या कामाला लागले, रात्री निरीक्षकांना मदत करता करता दुर्बीण शिकले, आणि इतकी नेमकी शिकले की १९१९ मध्ये त्यांना वेधशाळेच्या कर्मचारीवर्गात घेतलं. १९२९ मध्येच त्यांनी एका मंद दीर्घिकेचा वेग मोजला, सेकंदाला ३,७७९ किलोमीटर. पुढच्या काळात आलेख लांबवर नेणारे वेग मुख्यतः त्यांनी मोजलेले आहेत. थंडीत उघड्या घुमटाखाली रात्रभर एका ताऱ्यावर दुर्बीण रोखून बसणं म्हणजे काय, ते माणदेशातल्या माळावर साध्या दुर्बिणीने दोन तास फोटो घेणाऱ्या आमच्या मुलांना विचारा.

आता पट्टीतली गफलत. हबल यांनी काढलेला प्रसरणाचा दर होता दर मेगापार्सेकला सेकंदाला सुमारे ५०० किलोमीटर. मेगापार्सेक म्हणजे साधारण ३२ लाख ६० हजार प्रकाशवर्षं. या दराने उलटं मोजत गेलं तर विश्वाचं वय जेमतेम २०० कोटी वर्षं निघतं. पृथ्वीवरचे खडक त्याहून जुने निघू लागले. मुलगी आईपेक्षा मोठी कशी? हा पेच सुटायला दुसरं महायुद्ध व्हावं लागलं. वॉल्टर बाडे हे माउंट विल्सनवरचे खगोलशास्त्रज्ञ जर्मन नागरिक होते, म्हणून त्यांना युद्धाच्या कामात घेतलं नाही. बाकीचे सहकारी तिकडे गेले, खाली लॉस एंजेलिसचे दिवे युद्धामुळे मंद केलेले, आणि १०० इंची दुर्बीण बाडे यांच्या हाती आली. त्या काळोखात त्यांनी देवयानीच्या गाभ्यातले तारे सुटे करून पाहिले आणि ताऱ्यांचे दोन वेगळे समूह ओळखले. त्यातून उलगडलं की सेफिडही दोन जातींचे आहेत आणि आजवर एकाची पट्टी दुसऱ्याला लावली जात होती. १९५२ मध्ये रोमच्या परिषदेत त्यांनी हे जाहीर केलं आणि दीर्घिकांची अंतरं एकदम दुप्पट झाली, त्याबरोबर विश्वाचं वयही. आज देवयानीचं अंतर २५ लाख प्रकाशवर्षं मानतात आणि विश्वाचं वय सुमारे १,३८० कोटी वर्षं.

पट्टी अजून पुरती जुळलेली नाही. सेफिड आणि अतिनवतारे, म्हणजे स्फोट पावणारे तारे, वापरून प्रसरणाचा दर त्याच एककात येतो ७३ च्या आसपास. प्लँक उपग्रहाने टिपलेल्या जुन्या प्रकाशावरून तो येतो ६७.४. जेम्स वेब दुर्बिणीने सेफिडांची मोजमापं पुन्हा तपासली, ती बरोबर निघाली, आणि फरक तसाच उरला. ज्यांना वाटतं की खगोलशास्त्रात आता शोधण्यासारखं काही राहिलं नाही, त्यांनी या दोन आकड्यांकडे पाहावं.

प्रश्न : प्रसरणाचा शोध हबलने लावला की लमेत्रने? सराव प्रश्नपत्रिकांत दोन्ही उत्तरं दिसतात. (स्पर्धा परीक्षेची विद्यार्थिनी, परभणी)

उत्तर : 'हबल-लमेत्र नियम' असं लिही. आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघाने २०१८ मध्ये सदस्यांचं मतदान घेऊन याच नावाची शिफारस केली आहे.

परीक्षेपुरतं एवढं पुरे, पण तुला पुढचंही कळायला हवं. आइनस्टाइन यांच्या समीकरणांतून विश्व स्थिर राहत नाही, ते पसरू किंवा आकसू शकतं, हे १९२२ मध्ये रशियन गणितज्ञ अलेक्झांडर फ्रीडमन यांनी कागदावर दाखवलं. आइनस्टाइन यांनी आधी ते चूक ठरवलं आणि वर्षभरात आपला आक्षेप मागे घेतला. फ्रीडमन १९२५ मध्ये, वयाच्या ३७ व्या वर्षी गेले. जॉर्ज लमेत्र हे बेल्जियमचे कॅथलिक धर्मगुरू आणि गणिताचे प्राध्यापक. त्यांनी १९२७ मध्ये तेच गणित स्वतंत्रपणे केलं आणि एक पाऊल पुढे गेले. ४२ दीर्घिकांचे वेग आणि अंतरं घेऊन त्यांनी प्रसरणाचा दर काढला, हबलच्या आलेखाच्या दोन वर्षं आधी. लेख फ्रेंचमध्ये, ब्रसेल्सच्या एका नियतकालिकात आला आणि फारसा वाचला गेला नाही. १९३१ मध्ये इंग्रजी भाषांतर निघालं, त्यात नेमका दर काढलेला भाग नव्हता. तो मुद्दाम गाळला गेला असा संशय बरीच वर्षं होता. २०११ मध्ये जुना पत्रव्यवहार सापडला आणि कळलं की भाषांतर लमेत्र यांनी स्वतःच केलं होतं, आणि तोवर नवे आकडे आलेले असल्याने आपला जुना भाग त्यांनीच वगळला होता. स्वतःच्या अग्रहक्काबद्दल इतका निरिच्छ माणूस विज्ञानात विरळा.

१९३१ मध्येच लमेत्र यांनी लिहिलं की प्रसरण उलटं नेलं तर सगळं विश्व एका आद्य अणूत सामावलेलं असलं पाहिजे. महास्फोटाची कल्पना तिथून सुरू होते.

प्रश्न : सगळं दूर जातंय तर देवयानी जवळ कशी येते? आणि सूर्य-पृथ्वी अंतरही वाढतंय का? (गृहिणी, बेळगाव)

उत्तर : सूर्य-पृथ्वी अंतर प्रसरणामुळे वाढत नाही, आपलं घरही फुगत नाही. जिथे गुरुत्वाकर्षणाने किंवा विद्युतबलाने वस्तू एकत्र बांधलेल्या आहेत तिथे प्रसरणाचं काही चालत नाही. आपली आकाशगंगा, देवयानी आणि आसपासच्या अनेक लहान दीर्घिका मिळून असाच एक बांधलेला समूह आहे. स्लायफर यांनी मोजलेल्या ३०० किलोमीटर वेगातला मोठा भाग सूर्याच्या आकाशगंगेभोवतीच्या फिरण्याचा आहे. तो वजा केला तर दोन दीर्घिका सेकंदाला सुमारे ११० किलोमीटरने एकमेकींकडे येत आहेत. प्रसरण खऱ्या अर्थाने दिसतं ते अशा समूहांच्या पलीकडे, कोट्यवधी प्रकाशवर्षांच्या अंतरांवर.

प्रश्न : डॉ. जयंत नारळीकरांना महास्फोट मान्य नव्हता. आपल्या मातीतला एवढा मोठा शास्त्रज्ञ नाही म्हणतो, मग आम्ही कुणाचं खरं मानायचं? (वाचक, कोल्हापूर)

उत्तर : नारळीकर तुमच्या कोल्हापूरचे, १९३८ चा जन्म. मे २०२५ मध्ये ते पुण्यात गेले तेव्हा आमच्या पिढीला घरातलं माणूस गेल्यासारखं वाटलं. मराठीतून खगोलशास्त्रावर बोलता येतं, लिहिता येतं, हे आम्हाला त्यांच्यामुळे कळलं. म्हणून तुमच्या प्रश्नाचं उत्तर जपून आणि सरळ देतो.

आधी एक गैरसमज. विश्व पसरतं आहे हे नारळीकरांनी कधीच नाकारलं नाही. मतभेद होता तो सुरुवातीबद्दल. १९४८ मध्ये फ्रेड हॉईल, हर्मन बाँडी आणि थॉमस गोल्ड यांनी स्थिर स्थितीचा सिद्धांत मांडला. विश्व पसरतं, पण मोकळ्या होणाऱ्या जागेत अतिशय सावकाश नवं द्रव्य तयार होत राहतं, त्यामुळे विश्व नेहमी सारखंच दिसतं आणि त्याला आरंभ नाही. नारळीकरांनी केंब्रिजमध्ये हॉईल यांच्या मार्गदर्शनाखाली १९६३ मध्ये पीएचडी केली, आणि गुरू-शिष्यांनी पुढे गुरुत्वाकर्षणाचा नवा सिद्धांतही मांडला.

या सिद्धांताचा मोठा गुण असा की तो खोटा ठरू शकत होता. विश्व सदैव सारखंच असेल तर फार लांबचं, म्हणजे फार जुनं विश्वही आजच्यासारखंच दिसायला हवं. केंब्रिजमध्येच मार्टिन राईल यांनी आकाशातले रेडिओ उगम, म्हणजे रेडिओ लहरी सोडणाऱ्या वस्तू, मोजले, तर मंद उगम हव्या त्यापेक्षा जास्त भरले. हॉईल आणि नारळीकरांनी त्यावर उत्तरं दिली, वाद रंगला. यातला भारतीय भाग मला फार महत्त्वाचा वाटतो. उटीजवळ डोंगराच्या उतारावर गोविंद स्वरूप यांनी ५३० मीटर लांबीची रेडिओ दुर्बीण उभारली. उतार असा निवडला की तो तिथल्या अक्षांशाइतका, सुमारे ११ अंशांचा आहे, त्यामुळे दुर्बिणीचा अक्ष पृथ्वीच्या अक्षाला समांतर राहतो. १९७५ मध्ये स्वरूप आणि विजय कपाही यांनी या दुर्बिणीच्या निरीक्षणांवरून रेडिओ दीर्घिकांच्या आकारांचा अभ्यास छापला. निष्कर्ष असा की जुनं विश्व आजच्यापेक्षा वेगळं होतं, म्हणजे स्थिर स्थितीच्या विरुद्ध. स्वरूप आणि नारळीकर तेव्हा मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत सहकारी होते. पुढे दोघांनीही पुण्यात संस्था उभ्या केल्या. एकाच्या पुढाकाराने रेडिओ खगोलशास्त्राचं केंद्र आणि त्याची खोडदची महाकाय रेडिओ दुर्बीण झाली, ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्यांची. दुसऱ्याने १९८८ मध्ये आयुका, म्हणजे विद्यापीठांसाठीची खगोलशास्त्राची संशोधन संस्था, सुरू केली. दोन्ही संस्था पुणे विद्यापीठाच्या आवारात एकमेकींशेजारी आहेत. मतभेद असे असावेत.

माझ्या मते निर्णायक पुरावा मात्र १९६५ चा. न्यू जर्सीत होल्मडेल इथे आर्नो पेन्झियस आणि रॉबर्ट विल्सन एका कर्ण्याच्या आकाराच्या अँटेनावर काम करत होते. ७.३५ सेंटिमीटर तरंगलांबीवर एक बारीक खरखर कायम येत होती, अँटेना कुठेही वळवा, दिवस असो की रात्र. आत कबुतरांनी घर केलं होतं, ती हाकलली, विष्ठा साफ केली, खरखर गेली नाही. जवळच प्रिन्स्टनमध्ये रॉबर्ट डिकी यांचा गट नेमका हाच सिग्नल शोधायच्या तयारीत होता. विश्व आरंभी तापलेलं असेल तर त्याचा प्रकाश पसरत, थंड होत आजही सर्वत्र असला पाहिजे. राल्फ आल्फर आणि रॉबर्ट हर्मन यांनी १९४८ मध्येच त्याचं तापमान निरपेक्ष शून्याच्या वर सुमारे ५ अंश असेल असं गणित केलं होतं. मोजलेलं निघालं साडेतीनच्या आसपास, आज नेमका आकडा २.७२५ आहे. हा प्रकाश निघाला तेव्हा विश्व सुमारे ३,००० अंशांवर होतं, त्यानंतर जागा ताणली गेली तशी त्याची तरंगलांबीही जवळपास अकराशे पटींनी ताणली गेली. हे वाचत असताना तुमच्या समोरच्या दर घनसेंटिमीटर हवेत त्यातले सुमारे ४०० प्रकाशकण आहेत. लमेत्र यांना हा शोध १९६६ मध्ये, मृत्यूच्या थोडं आधी, आजारपणात सांगितला गेला.

१९८९ मध्ये सोडलेल्या कोबे उपग्रहाने या जुन्या प्रकाशाचा, म्हणजे प्रारणाचा, आलेख काढला तो गणिताने सांगितलेल्या वक्रावर तंतोतंत बसला. नारळीकर, हॉईल आणि जेफ्री बर्बिज यांनी १९९३ मध्ये नवं प्रारूप मांडलं, त्यात विश्व आवर्तनं घेत पसरतं आणि हे प्रारण ताऱ्यांच्या प्रकाशापासून, लोखंडाच्या सूक्ष्म तंतूंमुळे तयार होतं. बहुतेक विश्वशास्त्रज्ञांना ते पटलं नाही, मलाही पटत नाही. पण तो माणूस हात झटकून नाही म्हणाला नाही, गणित करून, आकडे छापून नाही म्हणाला, म्हणूनच ते तपासता आलं. तुम्ही कुणाचं खरं मानायचं हे विचारता. नाव बाजूला ठेवा आणि कुठल्या निरीक्षणाने कुठला सिद्धांत मोडला असता ते पाहा.

प्रश्न : महास्फोटापूर्वी काय होतं? हे सगळं आपल्या वेदांत आधीच सांगितलेलं आहे ना? (वाचक, नाशिक)

उत्तर : पहिल्या काही मिनिटांपर्यंत मागे जाण्याइतकं आपलं पदार्थविज्ञान भक्कम आहे. त्या मिनिटांत वजनाने सुमारे चौथाई हेलियम तयार झाला पाहिजे असं गणित सांगतं आणि जुन्यात जुन्या वायूत तेवढाच सापडतो. एका सेकंदाच्या अतिसूक्ष्म अंशापलीकडे गुरुत्वाकर्षण आणि पुंजवाद (क्वांटम सिद्धांत) यांची सांगड घालणारा सिद्धांत लागेल, तो कुणाकडेही नाही. 'पूर्वी' या प्रश्नाला अर्थ आहे की नाही हेही त्याच सिद्धांतावर ठरेल.

वेदांबद्दल. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातलं नासदीय सूक्त मला फार प्रिय आहे. ही सृष्टी कुठून आली हे वर बसलेला तरी जाणतो की नाही, अशा प्रश्नावर ते थांबतं. त्या ऋषीने उत्तर दिल्याचा दावा केलेला नाही, आपणही त्याच्या नावावर तो करू नये. त्याचा प्रश्न उचलून मोजमाप करणं हे त्याच्याशी जास्त इमानाचं.

प्रश्न : मुलगी आठवीत आहे, तिला आकाशाचं वेड आहे. वाढदिवसाला कुठली दुर्बीण घ्यावी? (पालक, सोलापूर)

उत्तर : पहिल्या वर्षी तिपाईवरची दुर्बीण घेऊ नका. खोक्यावर शेकडो पटींचे आकडे छापलेल्या स्वस्त दुर्बिणी मुलांचा उत्साह महिन्याभरात घालवतात. १०×५० ची दोन डोळ्यांनी पाहायची चांगली द्विनेत्री घ्या, आणि एक वही.

ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये रात्री आठच्या सुमारास उत्तरेला तोंड करून उभं राहा. शर्मिष्ठेचे पाच तारे इंग्रजी एम किंवा डब्ल्यूच्या आकारात दिसतील. त्यातल्या जास्त टोकदार कोनाचं टोक जिकडे रोखलेलं आहे तिकडे द्विनेत्रीने सरकत जा, लांबट धुरकट डाग सापडेल, तीच देवयानी. गावाबाहेर काळोखात ती नुसत्या डोळ्यांनीही दिसते.

मग शर्मिष्ठेच्या पश्चिमेला वृषपर्वा तारकासमूहात डेल्टा नावाचा तारा नकाशावरून शोधा. १७८४ मध्ये जॉन गुडरिक या ऐकू न येणाऱ्या विशीतल्या इंग्रज तरुणाने त्याचं तेज बदलतं हे नोंदवलं. सेफिड ताऱ्यांना नाव याच्यावरूनच मिळालं. त्याच्या शेजारी झीटा आणि एप्सिलॉन हे दोन तारे लहानसा त्रिकोण करतात. डेल्टा पूर्ण तेजात असताना झीटाच्या बरोबरीला येतो, उतरल्यावर एप्सिलॉनपेक्षाही थोडा मंद दिसतो. दर निरभ्र रात्री मुलीला एवढंच लिहायला सांगा: तारीख, वेळ, आणि डेल्टा कुणाच्या जवळचा दिसला. चढताना तो भराभर चढतो, साधारण दीड दिवसात, आणि उतरायला चार दिवस घेतो, हे लक्षात ठेवून नोंदी करा. दोन महिन्यांनी आलेख काढा. एका शिखरापासून दुसऱ्या शिखरापर्यंतचा काळ ५ दिवस ९ तासांच्या जवळपास यायला हवा. नोंदींची पानं माझ्याकडे पाठवलीत तर पुढच्या एखाद्या अंकात त्यांवरून त्या ताऱ्याचं अंतर कसं काढायचं ते पायरी पायरीने करून दाखवीन.